पहिले अठ्ठावीस दिवस

घरात गोड बातमी कळते, तेव्हा पाळी चुकून साधारणतः आठ-पंधरा दिवस होऊन गेलेले असतात. सुनेच्या चेहऱ्यावरचा संकोच सासूबाईंच्या नजरेतून सुटत नाही. मंदिरात जाऊन दर्शन घेतले जाते, माहेरी फोन होतो आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ ठरते. डॉक्टर तपासतात, रक्ताच्या चाचण्या सांगतात आणि एक छोटी गोळी लिहून देऊन म्हणतात, ‘आजपासून सुरू करा.’ सर्व काही वेळेवर झाले, असेच घरातील प्रत्येकाला वाटते.

मात्र गर्भाचे वय मोजणारी दिनदर्शिका निराळी असते. स्त्रीबीज फलित होते ते सामान्यतः दोन पाळ्यांच्या मध्यावर. पाळी चुकते तेव्हा गर्भ सुमारे दोन आठवड्यांचा झालेला असतो आणि त्यानंतर आणखी दोन आठवडे लोटले, की तो चार आठवड्यांचा होतो. ज्या नलिकेपासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू तयार होणार आहे, तिची दोन्ही तोंडे याच सुमारास, म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत, मिटतात. ती नीट मिटावी म्हणून द्यावयाची गोळी अनेक घरांत एकोणतिसाव्या, तिसाव्या किंवा चाळिसाव्या दिवशी सुरू होते. हे अंतर ध्यानात येण्यासाठी गर्भाची घडण कशी होते, हे क्रमाने पाहणे आवश्यक आहे.

आधी कोणता अवयव?

गर्भात सर्वप्रथम कोणता अवयव निर्माण होतो, हा प्रश्न भारतीय वैद्यकाने फार पूर्वी विचारला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात त्यावरचे निरनिराळे मत नोंदलेले आहे. एक आचार्य म्हणतात, मस्तक आधी, कारण सर्व इंद्रियांचे मूळ तेथे आहे. दुसरे हृदयाचा, तिसरे नाभीचा, चौथे हातापायांचा आणि पाचवे धडाचा पक्ष घेतात. शेवटी धन्वंतरी निर्णय देतात, की सर्व अंगे एकाच वेळी उत्पन्न होतात. सूक्ष्मतेमुळे ती दिसत नाहीत, इतकेच. त्यासाठी ते आंब्याचा दृष्टांत देतात. पिकलेल्या आंब्यात गर, तंतू, कोय सारे वेगवेगळे दिसते. कोवळ्या कैरीतही ते असतेच, पण ओळखू येत नाही.

जैन परंपरेनेही जन्माचा विचार बारकाईने केला. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात संमूर्च्छन, गर्भ आणि उपपाद असे जन्माचे तीन प्रकार सांगितले असून गर्भजन्माचे जरायुज, अंडज आणि पोत असे भेद केले आहेत. आहार, शरीर, इंद्रिय, श्वासोच्छ्वास, भाषा आणि मन या पर्याप्तींचा प्रारंभ एकदम होतो व पूर्णता क्रमाक्रमाने होते, असे गोम्मटसारात विवेचन आहे. हे विवेचन जीवाच्या शक्तींविषयीचे आहे. सूक्ष्मदर्शकाखालच्या निरीक्षणाशी त्याची सरमिसळ करणे योग्य ठरणार नाही. तरीही ‘प्रारंभ कशाचा आणि पूर्णता कोणत्या क्रमाने’ हा प्रश्न आपल्या पूर्वजांना महत्त्वाचा वाटला, ही गोष्ट मननीय आहे.

युरोपातही हाच वाद दीर्घकाळ चालला. १६९४ मध्ये निकोलास हार्टसुकर या डच अभ्यासकाने शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या चिमुकल्या मानवाचे चित्र छापले. गर्भ म्हणजे आधीच तयार असलेल्या देहाची केवळ वाढ होय, असे त्या काळी अनेकांना वाटे. १७५९ मध्ये कास्पार फ्रीडरिश वोल्फ याने याच्या विरुद्ध मत मांडले. त्याच्या निरीक्षणांनुसार अवयव आधीपासून घडवून ठेवलेले नसतात. साध्या स्तरांना घड्या पडून, ते वळून, टप्प्याटप्प्याने निर्माण होतात. सस्तन प्राण्यांचे बीजांड प्रत्यक्ष पाहण्याचा मान १८२७ मध्ये कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर यांना मिळाला आणि आधुनिक गर्भविज्ञानाचा पाया दृढ झाला.

एका पेशीपासून तीन स्तरांपर्यंत

मानवी बीजांडाचा व्यास सुमारे एक दशांश मिलिमीटर असतो. तीक्ष्ण नजरेला एखाद्या धूलिकणासारखे ते कसेबसे दिसावे. गर्भनलिकेत शुक्राणूशी त्याचा संयोग होतो. आईकडून २३ आणि वडिलांकडून २३ रंगसूत्रे एकत्र येतात. सुमारे एका दिवसाने या एका पेशीच्या दोन पेशी होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. चौथ्या दिवशी हा पुंजका तुतीच्या फळासारखा दिसतो. पाचव्या दिवशी त्याच्या आत द्रवाची पोकळी तयार होते आणि पेशींची पहिली विभागणी होते. बाहेरच्या पेशींपासून मुख्यतः वार तयार होणार असते. आत एका बाजूला जमलेल्या मूठभर पेशींपासून बाळ. सहाव्या-सातव्या दिवशी हा गोळा गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. आईला यांपैकी कशाचीही जाणीव नसते.

तिसऱ्या आठवड्यात घडणारी घटना संपूर्ण आयुष्यातील सर्वांत निर्णायक घटनांपैकी एक मानावी लागेल. तोवर चपट्या चकतीसारख्या असणाऱ्या गर्भाच्या पृष्ठभागावर एक खोबण उमटते. पेशी तिच्या दिशेने सरकतात, आत उतरतात आणि पसरतात. यातून तीन स्तर तयार होतात. बाह्यस्तरापासून त्वचा, केस आणि संपूर्ण चेतासंस्था घडते. मध्यस्तरापासून अस्थी, स्नायू, रक्त, हृदय आणि मूत्रपिंडे घडतात. अंतःस्तरापासून अन्नमार्गाचे व श्वसनमार्गाचे अस्तर, तसेच यकृत आणि स्वादुपिंड आकाराला येतात. डोक्याची बाजू कोणती, पायांची कोणती, पाठ कोणती आणि पोट कोणते, हेही आता निश्चित होते.

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. सर्व पेशी एकाच पेशीपासून झाल्या, सर्वांजवळ तीच जनुके आहेत, तर मग एक पेशी डोळ्याची आणि दुसरी यकृताची कशी होते? एखाद्या मोठ्या ग्रंथाची एकेक प्रत गावातील प्रत्येक घरात आहे, अशी कल्पना करावी. ग्रंथ एकच, पण कोणत्या घरात कोणते प्रकरण उघडले जाईल, हे त्या घराच्या शेजारावर आणि तेथवर पोहोचलेल्या निरोपावर ठरते. पेशींचेही तसेच असते. शेजारच्या पेशींकडून सूक्ष्म रासायनिक संदेश येतात. त्यांनुसार काही जनुके जागी होतात, काही निद्रिस्त राहतात. संदेश कोठून आला, किती प्रमाणात आला आणि केव्हा आला, या तिन्हींना महत्त्व असते. म्हणूनच गर्भाच्या घडणीत वेळ चुकून चालत नाही.

नलिका मिटते तो आठवडा

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस पाठीच्या मध्यभागी बाह्यस्तराची एक पट्टी जाड होते. तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, मध्ये पन्हाळीसारखी घळ पडते, कडा एकमेकींकडे झुकतात आणि मध्यावर जोडल्या जातात. तेथून हा सांधा वर डोक्याकडे आणि खाली कण्याच्या टोकाकडे सरकत जातो. सुमारे पंचविसाव्या दिवशी वरचे तोंड मिटते आणि सत्तावीस-अठ्ठाविसाव्या दिवशी खालचे. हीच चेतानलिका होय. तिच्या वरच्या भागापासून मेंदू आणि उरलेल्या भागापासून मज्जारज्जू तयार होतो. याच काळात, सुमारे बाविसाव्या दिवशी, हृदयाची साधी नळी आकुंचन-प्रसरण करू लागलेली असते. संपूर्ण गर्भाची लांबी तेव्हा तांदळाच्या दाण्याहूनही कमी असते.

वरचे तोंड मिटले नाही, तर मेंदूचा मोठा भाग आणि कवटी घडत नाही. असे बाळ जगू शकत नाही. खालचा भाग उघडा राहिला, तर कणा दुभंगलेला राहतो. अशा बाळाला जन्मानंतर शस्त्रक्रिया लागू शकते. पायांतील बळ, लघवी-शौचावरील नियंत्रण यांच्या अडचणी पुष्कळदा आयुष्यभर राहतात. अठ्ठाविसाव्या दिवसानंतर हे तोंड औषधाने मिटवता येत नाही.

पुढील चार आठवड्यांत उरलेली मांडणी वेगाने पूर्ण होते. हातापायांचे कोंभ फुटतात. हाताचा पंजा आधी वल्ह्यासारखा सलग असतो; बोटांच्या मधल्या पेशी ठरलेल्या वेळी स्वतःहून नाहीशा होतात, तेव्हा बोटे सुटी होतात. घडणीसाठी काही पेशींचे निघून जाणेही तितकेच आवश्यक असते. आठव्या आठवड्याच्या अखेरीस गर्भ सुमारे तीन सेंटिमीटरांचा होतो आणि बहुतेक सर्व अवयवांची प्राथमिक मांडणी झालेली असते. यानंतरचे सुमारे सात महिने मुख्यतः वाढीचे आणि परिपक्वतेचे असतात. कान ऐकू लागतात, फुप्फुसे श्वासासाठी सिद्ध होतात, त्वचेखाली मेद साठतो. कुटुंबाला दिसते ती ही नंतरची वाढ. पाया मात्र कोणालाही दिसण्यापूर्वी घातला गेलेला असतो.

मुंबईतून निघालेला धागा

चेतानलिका मिटण्यासाठी पेशींचे अतिशय वेगाने विभाजन व्हावे लागते. प्रत्येक विभाजनापूर्वी डीएनएची नवी प्रत तयार करावी लागते आणि त्या कामी ‘ब’ गटातील एक जीवनसत्त्व लागते. त्याचे नाव फोलेट. या जीवनसत्त्वाच्या शोधाचा आरंभ मुंबईत झाला, हे महाराष्ट्रातही फारसे कोणाला ठाऊक नसते.

१९२८ मध्ये ल्युसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणात एक विशिष्ट आणि अनेकदा प्राणघातक रक्तक्षय होत असे. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या असत. त्या स्त्रियांच्या आहाराचा आणि राहणीचा शोध घेत विल्स यांनी निष्कर्ष काढला, की हा संसर्ग नाही. आहारातच काहीतरी उणे आहे. यीस्टच्या अर्काने या स्त्रियांचा रक्तक्षय आश्चर्यकारक वेगाने बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटकाला काही काळ ‘विल्स घटक’ म्हणत. १९४१ मध्ये पालकाच्या पानांपासून तो वेगळा करण्यात आला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक आम्ल हे नाव मिळाले.

फोलेट कमी पडले की पेशी आकाराने वाढते, पण तिला वेळेवर विभागता येत नाही. गिरणीतील स्त्रियांच्या मोठ्या रक्तपेशींचे कारण हेच होते. मग जेथे तासागणिक विभाजन चालते, त्या गर्भाला उणीव जाणवल्यावाचून कशी राहील? या शंकेचे निरसन करण्यासाठी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतील ३३ केंद्रांत एक मोठी चाचणी घेतली. ज्या स्त्रियांना पूर्वी असे बाळ झाले होते, त्यांना गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक आम्ल देण्यात आले. १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. चेतानलिकेतील दोषाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी कमी झाली होती. साठ वर्षांपूर्वी मुंबईत हाती लागलेला धागा अशा रीतीने गर्भाच्या चौथ्या आठवड्यापर्यंत पोहोचला.

शाकाहारी घर आणि बी-१२

शाकाहारी कुटुंबांत फोलेट मिळवणे अवघड नाही. पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्यांत ते असते. चातुर्मासात किंवा तिथींना पालेभाज्यांचा त्याग करणाऱ्या घरांत हरभरा, मूग, मसूर, चवळी, राजमा यांपासून ते उत्तम मिळते. मात्र दीर्घकाळ शिजवण्याने त्याचा बराच अंश नष्ट होतो आणि गर्भारंभाच्या काळातील गरज केवळ आहारातून भागेल याची निश्चिती नसते. म्हणूनच गोळीचा सल्ला दिला जातो.

खरी सावधगिरी हवी ती दुसऱ्या एका जीवनसत्त्वाबाबत. बी-१२ हे निसर्गात केवळ सूक्ष्म जीवाणू तयार करतात. डाळी, भाज्या, फळे किंवा सुका मेवा यांत ते नसते. शाकाहारी माणसाला ते मिळते दूध, दही, ताक आणि पनीर यांतून. आणि दूध पुन्हापुन्हा उकळले, की तेही काही अंशी घटते. ज्या घरातील सुनेच्या वाट्याला सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले वाटीभर ताक येते, तेथे बी-१२ची उणीव अपेक्षितच म्हणावी लागेल.

फोलेट आणि बी-१२ हे जोडीने काम करतात. बी-१२ नसेल तर शरीरातील फोलेट निरुपयोगी रूपात अडकून पडते. भरपूर फोलिक आम्ल घेतल्यास रक्तक्षय झाकला जातो. पण बी-१२च्या अभावाने होणारी मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांची मुले यांचा दीर्घ अभ्यास केला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार या मातांपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात बी-१२ कमी होते. फोलेटची उणीव मात्र जवळजवळ कोणालाच नव्हती. मुले सहा वर्षांची झाली तेव्हा तपासणी झाली. ज्या मातांचे फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सर्वांत मंद आढळला. पुढे मधुमेहाकडे नेणारी ही अवस्था होय. याच अभ्यासात जन्मलेली मुले-मुली किशोरवयात आल्यावर त्यांना रोज केवळ २ मायक्रोग्रॅम बी-१२ देण्याचा प्रयोगही हाती घेण्यात आला. पुढच्या पिढीच्या गर्भाची तयारी आई-वडिलांच्या किशोरवयातच सुरू व्हावी, हा त्यामागील विचार आहे.

कुटुंबाने काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे, वैद्यकीय सल्ला बातमी कळल्यावर घेण्याऐवजी अपत्याचा विचार मनात येताच घ्यावा. विवाहाची तयारी महिनोन् महिने चालते. दागिने, वस्त्रे, मंडप यांच्या याद्या होतात. त्याच यादीत वधूची हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी असावी. वराने आपली तपासणी करण्यातही कमीपणा मानू नये.

दुसरे, गर्भधारणेपूर्वी निदान एक महिना आणि त्यानंतरचे पहिले तीन महिने रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल घ्यावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. पूर्वी असे बाळ झाले असल्यास, मधुमेह असल्यास किंवा अपस्माराची औषधे चालू असल्यास मात्रा अधिक लागू शकते. ती डॉक्टरांनीच ठरवावी आणि चालू औषधे परस्पर बंद करू नयेत. बी-१२ कमी असल्यास त्याचीही पूरक मात्रा जोडीने घ्यावी. अनेक कॅप्सूलांचे आवरण जिलेटिनचे असते; ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी साधी गोळी किंवा पातळ औषध मागावे. पर्याय उपलब्ध असतात. आवरणापायी औषधच टाळणे हिताचे नाही.

तिसरे, व्रत-उपवासाविषयी. सोळाकारण भावनांमध्ये ‘शक्तितस्त्याग’ आणि ‘शक्तितस्तप’ या भावना आहेत. त्याग आणि तप शक्तीनुसार करावे, हा त्यांचा आशय होय. अपत्याची इच्छा धरणाऱ्या किंवा गर्भवती स्त्रीच्या शक्तीचा अंदाज घेताना तिच्या पोटातील, कदाचित अजून कोणालाही न कळलेल्या जीवाचाही विचार व्हावा. अशा काळात तिने स्वाध्याय, सामायिक आणि दान यांवर भर दिला, तर तिच्या धर्मपालनात उणेपणा येत नाही. ज्येष्ठांनी हे तिला स्वतःहून सांगावे. तिने संकोचाने विचारण्याची वेळ येऊ देऊ नये.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. सर्व काळजी घेऊनही काही बाळांच्या चेतानलिकेत दोष राहतो, कारण त्यामागे आनुवंशिक आणि इतरही कारणे असतात. अशा वेळी ‘तूच काहीतरी खाल्ले असशील’, ‘तुझ्याच अंगात दोष’ असे शब्द उच्चारले जातात. ज्या घडामोडी कोणाच्याही जाणिवेपूर्वी घडून गेल्या, त्यांचा ठपका एका व्यथित आईवर ठेवणे ही शब्दांची हिंसाच होय.

एका धूलिकणाएवढ्या पेशीपासून सुरू होणारी ही घडण कोणाच्या आज्ञेने थांबत नाही आणि कोणासाठी पुन्हा सुरू होत नाही. तिच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत घरच्यांना करता येण्याजोगे जे काही आहे, ते त्या दिवसांच्या आधीच करून ठेवावे लागते. घरात लवकरच लग्न व्हावयाचे असेल, किंवा नवदांपत्य संसाराची स्वप्ने रंगवीत असेल, तर त्यांना या आठवड्यातच डॉक्टरांकडे जाण्यास सुचवावे. आणि जेवणाच्या पंक्तीत दुधा-दह्याची पहिली वाटी सुनेच्या ताटात आधी जाते की नाही, तेही पाहावे.